कच्ची माळ

माळ गार लागली, आणि तिथेच नूतनला कळलं, काहीतरी चुकलंय.

मे महिन्यातली सकाळ. लोणखेड्यातल्या तिच्या भाड्याच्या खोलीचा पत्रा चहा होईपर्यंतच तापला होता. दाराआडच्या खिळ्यावर मलमलची एक पिशवी लटकत होती. तिच्यातली माळ मोडून मणी परत डब्यात टाकायचे, एवढंच किरकोळ काम होतं. तिनं पिशवी तळहातावर उलटी केली आणि ती जागच्या जागी उभी राहिली. माठाच्या पोटाला हात लावावा तसा तो गारवा होता. शिवाय माळेला वजन होतं. कच्च्या माळेला ना वजन असतं, ना गारवा.

कच्ची माळ म्हणजे काय, ते सांगायला हवं. महागड्या मण्यांना हात लावण्याआधी नूतन त्याच मापाच्या स्वस्त मण्यांची एक माळ ओवायची. दगडाची भुकटी चिकटवून दाबलेले, वरून मेण फिरवलेले मणी ते. दिसायला मात्र हुबेहूब. त्यांच्यावर लांबी ठरवायची, मण्यामण्यांतली गाठ किती घट्ट हवी ते बघायचं, माळ गळ्यावर कशी पडते ते आरशात पाहायचं. सगळं जमलं की मग खऱ्या मण्यांना सुरुवात. लग्नाचं काम असलं की मुहूर्ताचा लाल दोरा पहिल्या माळेला, म्हणजे कच्चीलाच बांधायचा, आणि खरी माळ पुरी झाली की तो सोडून तिला बांधायचा. लाल दोरा ज्या पिशवीतून बाहेर डोकावतो ती पिशवी गिऱ्हाइकाची. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि कधी चुकलं नव्हतं.

परवा तिचा भाऊ हेमकांत गाडी घेऊन आला, दारात हॉर्नवर हॉर्न देत राहिला. मंडपवाला खोळंबलाय, आचारी खोळंबलाय, लवकर दे. नूतनचे हात मेणानं माखलेले. तिनं कोपरानंच खिळ्याकडे खूण केली, "लाल दोरावाली लई जाय." आणि त्यानं ती नेली.

लाल दोरा कच्च्या माळेवरून सोडायचाच राहिला होता.

खरी माळ तिच्या हातात होती, खोटी माळ माहेरी गेली होती, आणि आज सकाळी तिच्या भाचीची, रोशनीची हळद होती.

दुसरं कुणाचं गिऱ्हाईक असतं तर नूतननं फोन केला असता, चूक कबूल केली असती, चार शब्द ऐकून घेतले असते. पण ही माळ विकलेली नव्हती. ही फुईनं भाचीला दिलेली होती. तिकडे आत्याला फुई म्हणतात, आणि रोशनीला ही एकच फुई.

नूतनचा नवरा गेला तेव्हा रोशनी तीन वर्षांची होती. नूतन माहेरी परतली आणि ही पोर रात्री उशी घेऊन तिच्या अंथरुणात शिरायला लागली. पुढे नूतननं लोणखेड्यात खोली घेतली, कॉलेजच्या मुलींना कानातली विकता विकता मण्यांच्या कामात तिचं नाव झालं, तरी सुट्टी लागली की रोशनी तिच्याकडेच. मण्यांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसायची आणि म्हणायची, "फुई, मन्हा लगीनले सर्वास्मा भारी मणी."

सगळ्यांत भारी मणी कोणता, हे तेव्हा नूतनलाही माहीत नव्हतं. ते तिला खंभातच्या एका म्हाताऱ्या मणीवाल्यानं दाखवलं. त्यानं कागदाची पुडी उलगडली आणि तिच्या हातावर एक मणी ठेवला. जेड. गडद हिरवा जेड तिनं पुष्कळ पाहिला होता. हा तसा नव्हता. दुधी भोपळा कापल्यावर आत दिसतो तो रंग, जेमतेम हिरवट, आणि उजेडाला धरला की आत धुकं भरल्यासारखं दिसायचं. म्हातारा म्हणाला, हा ब्रह्मदेशाकडचा, वर्षात दोन-चार मणी हाती लागतात, आणि अंगावर वापराल तसा हा उजळत जातो. नूतन त्या दिवशी दुसरं काहीच न घेता परत आली. त्या मण्यानं तिला जे वेड लावलं ते पुढे सुटलंच नाही. वर्षानुवर्षं ती एकेक मणी गोळा करत राहिली. रंग जुळला नाही की परत करायचा, आतला ढग वेगळा दिसला की परत करायचा. आणि शेवटचे मणी घ्यायला हातात काही उरलं नाही, तेव्हा तिनं आपल्या लग्नातल्या पाटल्या मोडल्या. नवरा गेल्यापासून त्या पेटीतच होत्या. त्या मोडताना तिला रडू आलं नाही, उलट बरं वाटलं. आता त्या कुणाच्या तरी लग्नात जातील, असं तिला वाटलं.

हळदीला नूतननं यायचं नाही, असं ठरलेलंच होतं. कुणी वाईट बोललं नव्हतं. तिच्या आईनं, वत्सलाबाईनं, फोनवर नुसतं सांगितलं होतं, "तू लगीनले ये, बेटा. हळदले नको." नूतन "हो माय" म्हणाली होती. मनातल्या मनात तिनं म्हटलं होतं, मी नसेन पण माझी माळ असेल.

आणि इथेच खरी गोम होती. त्यांच्या घरात एक जुनी रीत आहे. नवरीच्या अंगाला हळद लागायच्या आधी ती तिच्या माहेरच्या दागिन्यांना लागते. ताटातला एकेक दागिना उचलून हळदीच्या वाटीत बुडवायचा, पाण्यानं धुवायचा आणि मग नवरीच्या गळ्यात घालायचा. सोन्याला काय होतंय? पण मागे एकदा फोडणीच्या हातानं नूतननं कच्च्या माळेतला मणी उचलला होता आणि तो जो पिवळा झाला तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नव्हता. आज सगळ्या भाऊबंदांच्या बायका, वराकडून उष्टी हळद घेऊन आलेल्या बायका, सगळ्यांच्या देखत फुईची माळ कावीळ झाल्यासारखी पिवळीधमक होणार. विधवा फुईनं नकली दगड खपवला, ही बातमी रोशनीच्या आधी तिच्या सासरी पोचेल. आणि माहेरचं जे एक दार नूतनला उघडं होतं, ते कायमचं लागेल.

तिनं रोशनीला फोन लावला. उचलला तिच्या वहिनीनं, प्रतिभानं. मागे सनईची कॅसेट, बायकांचा कालवा.

"काय शे ताई? पोरना हातले मेंदी शे, माले सांगा."

नूतन सांगणारच होती, पण माळेची गोष्ट निघाली तेव्हा हीच प्रतिभा तोंड वाकडं करून म्हणाली होती, सोनं सोडीसन दगड कसाले?

"काही नही, वहिनी. हळद सुरू व्हयनी का?"

"आते बठतीन बाया. तुम्ही सकाळ लगीनले या आरामथीन." फोन बंद झाला.

त्याच क्षणी नूतननं सांगून टाकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण माणूस घाबरलं की त्याला लपवणंच सोपं वाटतं. तिनं ठरवलं, गुपचूप जायचं, माळा बदलायच्या, गुपचूप परत यायचं. कुणाला कळायचं कारणच नाही.

माहेरचं गाव तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या वाटेवर. कोपऱ्यावर दोधूची रिक्षा उभी होती. "प्रकाशाना रस्ता, आणि जोरमा चाल," असं म्हणत ती आत बसलीसुद्धा. माळ तिनं पदरात गुंडाळून पोटाशी धरली होती. शहादा मागे पडला तशी दोधूनं रिक्षा दामटली, पण पुढे केळीचा ट्रक आडवा लागला. घडांनी ठासून भरलेला, डुलत डुलत चाललेला, आणि बाजूला सरकायचं नाव नाही. दोधू हॉर्न वाजवून वाजवून थकला. नूतन मान बाहेर काढून बघायची, पुन्हा आत घ्यायची. तिला डोळ्यांसमोर पितळी वाटी दिसत होती आणि त्या वाटीवर तिच्या आईचा हात.

"कोनी आजारी शे का, ताई?" दोधूनं विचारलं.

"नही रे. चाल तू."

गावात शिरताना तिनं रिक्षा मागच्या अंगाला, गोठ्याकडे थांबवायला लावली. हेमकांतनं घर नवं बांधलं होतं, फरशी घातलेलं, पुढे मोठं अंगण आणि अंगणात मंडप. मागचं दार मात्र पूर्वीसारखंच सताड उघडं. पुढून हळदीची गाणी ऐकू येत होती. म्हणजे बायका बसल्या होत्या, पण दागिन्यांचा नंबर अजून आला नसावा. नूतननं चपला हातात घेतल्या. जिथं ती लहानाची मोठी झाली त्या घरात ती चोरपावलांनी शिरली, आणि शिरताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

स्वयंपाकघरात आचाऱ्याची बाई पाठमोरी होती. तिच्या मागून नूतन देवघरात गेली. ताट देवासमोर होतं, वर लाल कापड. कापड उचललं. पोहेहार, बांगड्या, कानातले, आणि त्यांच्या मधोमध तिची कच्ची माळ, लाल दोऱ्यासकट. इतकी देखणी दिसत होती की कुणालाही फसवील.

तिनं कच्ची माळ उचलली, खरी ठेवली. झालं होतं काम. तिनं तिथूनच पाठ फिरवायला हवी होती. पण खऱ्या माळेला लाल दोरा नव्हता. प्रतिभाची नजर बारीक. दोरा दिसला नाही तर विचारील. आणि खरं सांगायचं तर ते एक निमित्त झालं. मुहूर्ताच्या दोऱ्याशिवाय लग्नाची माळ द्यायची, हे नूतनच्या हाताला मान्यच होईना. ज्या कामात जन्म गेला ते काम अर्धवट टाकून जाणं तिला जमलं नाही. ती खाली बसली आणि कच्च्या माळेवरची गाठ नखानं सोडवू लागली. गाठ तिनंच मारलेली, पक्की. सुटता सुटेना. शेवटी सुटली. दोरा तिनं खऱ्या माळेला घातला, एक वेढा दिला.

"ताई?"

प्रतिभा दारात उभी होती. दागिन्यांचं ताट न्यायला आली होती ती.

नूतनच्या मांडीवर दोन माळा होत्या, बोटांत लाल दोरा.

"तुम्ही? आठे काय करी ऱ्हायनात?"

प्रतिभा पुढे आली, तिनं ताटाकडे पाहिलं, मांडीकडे पाहिलं, उघड्या मागच्या दाराकडे पाहिलं, आणि बाजूला काढून ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं ते हळूहळू गेलं आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं.

"अहो!" तिनं बाहेर हाक मारली. "जरासा आठे या. आणि तुमनी मायले बी बलाई आना."

हेमकांत आला, त्याच्यामागे वत्सलाबाई आली. दोघांनी दारात उभं राहून ऐकलं. नूतननं सगळं सांगितलं. लाल दोऱ्याचं सांगितलं, खिळ्यावरच्या पिशव्यांचं सांगितलं. पण कसं असतं, खरं असलं तरी धापा टाकत सांगितलं की ते रचलेलं वाटतं. तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं.

"मन्ही चूक व्हयनी, भाऊ. परवा तू लई गया ती कच्ची माळ. खरी माळ मी आते लई उनू."

"मंग पुढला दारथीन का नही उन्यात?" प्रतिभानं विचारलं. "आणि फोन करा तव्हय का नही सांगं? देखा, माले जितलं समजस तितलं सांगस. लाल दोरा ज्या माळले व्हता ती तुम्ही पोरले दिन्ही. आते तोच दोरा सोडीसन तुम्ही दुसरीले बांधी ऱ्हायनात. आम्हीन काय समजानं?"

काय समजायचं ते सगळ्यांना समजलं. फुईनं खरी माळ दिली, मग पाटल्यांपायी तिचा जीव तुटला, आणि आता खोटी ठेवून खरी परत न्यायला आली. नूतननं हेमकांतकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. लहानपणी हिच्याकरता कैऱ्या पाडून आणणारा तिचा सख्खा भाऊ, पण त्यानं नजर चुकवली.

"नूतन," तो दबक्या आवाजात म्हणाला, "दोनी माळा उचल आणि घर जाय. पावना शेतस मंडपमा. तमाशा नको. मी काहीबी सांगी दिसू."

"मी चोर नही शे, भाऊ."

"मी म्हनं का? जाय म्हनं फक्त."

नूतननं आईकडे पाहिलं. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, कपाळावर मोठं कुंकू. वडील शांतीलाल बाहेर पाहुण्यांत बसलेले, ठणठणीत. हळद लावायचा पहिला मान तिचाच. ती एवढंच म्हणाली, "मी तुले सांगेल व्हतं, येवू नको."

तेवढ्यात पॅसेजमधून आवाज आला, "फुई उनी का?"

रोशनी पाटावरून उठून आली होती. पिवळी साडी, मेंदीचे हात अधांतरी धरलेले. तिनं सगळ्यांचे चेहरे वाचले. मग फुईच्या हातातल्या दोन माळा पाहिल्या. डोळ्यांत पाणी यायला तिला वेळ लागला नाही, पण ते का आलं हे नूतनला कळेना. आणि तेच तिला सोसवेना. हेमकांतनं चोर म्हटलं असतं तरी ती गेली असती. पण ही पोर मनात शंका घेऊन सासरी जाणार, उद्या तिच्या लेकराला फुईचं नाव सांगताना क्षणभर थांबणार, हे नूतनला चालणार नव्हतं.

"फुई, माले सांग. कोनती खरी शे?"

"सांगीसन तुले पटाव नही, बेटा. चाल, दाखाडस."

ती उठली आणि दोन्ही माळा घेऊन सरळ पुढच्या दारानं मंडपात गेली. हेमकांत "नूतन, नूतन" करत मागे आला, पण तोवर ती बायकांच्या मधोमध पोचली होती. गाणं तुटलं. विधवा बाई हळदीत आली म्हणून वराकडच्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पाटापुढे पितळी वाटी होती, तेलात कालवलेली घट्ट हळद, काठोकाठ.

वाटीसमोर नूतन बसली, आणि बसल्यावर तिला आठवलं की खऱ्या मण्याला तिनं आजवर कधी हळद लावून पाहिलेली नव्हती.

कशाला लावील? एवढा दुर्मीळ मणी, त्याला स्वयंपाकघराचा वाराही लागू दिला नव्हता. जेडवर डाग बसत नाही, हे तिला म्हाताऱ्यानं सांगितलेलं, आणि तिनं ते मानलेलं. म्हाताऱ्यानंच फसवलं असेल तर? गारवा काय, वजन काय, दुसऱ्याही दगडांना असतं. पाटल्या गेल्या त्या गेल्या, पण दोन्ही माळा पिवळ्या निघाल्या तर ती चोर नव्हे, मूर्ख ठरेल, आणि खोटं देणारी ती ठरेलच. तिचा हात वाटीवर थांबला. सगळा मंडप बघत होता. उठून जाता आलं असतं अजून.

तिनं दोन्ही माळा हळदीत दाबल्या.

कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. नूतननं बोटांनी माळा खाली धरून ठेवल्या, मनगटापर्यंत हळद आली. किती वेळ धरल्या ते तिला कळलं नाही. रोशनी शेजारी येऊन उभी राहिल्याचं तिला फक्त साडीच्या काठावरून समजलं. मग तिनं माळा वर काढल्या आणि तांब्यातलं पाणी त्यांच्यावर ओतलं.

दोन्ही पिवळ्या होत्या.

"देखा," प्रतिभा म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद नव्हता, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. "दोनी बी खोट्या शेतस."

लाल दोऱ्याचा वेढा दिलेली माळ नूतननं उजेडाला धरली. आणि मग तिला दिसलं. रेशीम! ओवलेला दोरा पिवळा झाला होता. रेशमी दोरा आणि मण्यामण्यांमधली प्रत्येक गाठ हळद पिऊन बसली होती, आणि त्या गाठींचा पिवळा रंग मण्यांवर पडल्यासारखा दिसत होता. तिनं पदराचं टोक घेतलं आणि एक मणी पुसला. पुन्हा पुसला. पदरावर हळद आली आणि मणी तसाच राहिला, दुधी, गार, आत धुकं भरलेला. दुसरा पुसला. तिसरा. ती एकेक मणी पुसत गेली आणि एकेक मणी हळदीतून बाहेर येत गेला.

दुसरी माळ तिनं प्रतिभाच्या हातात दिली. "घ्या वहिनी. पुसा."

प्रतिभानं पुसली. पदरानं पुसली, मग पाणी घेऊन चोळली, मग नखानं खरवडली. मणी केशरी पेढ्यासारखे पिवळे ते पिवळेच. ज्या माळेला परवापासून लाल दोरा होता, जी ताटात सोन्याशेजारी ठेवून सगळ्या भावकीला दाखवली होती, तीच ही, हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं. तिनं माळ मुठीत मिटून घेतली आणि मान खाली घातली.

हेमकांत मंडपाच्या खांबाला धरून उभा होता. नूतनला त्याचा राग आला आणि दयाही आली.

पण गोष्ट इथे मिटणार नव्हती. भावकीतली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि वाटीकडे बोट दाखवत म्हणाली, "माळनं देखीसन झायं. पन हाई हळद आते चालाव नही. रांडमुंडना हात लागना. दुसरी कालवा."

वराकडच्या बायका वत्सलाबाईकडे पाहू लागल्या, कारण निर्णय तिचाच होता. नूतननं आपले दोन्ही हात पाहिले. मनगटापर्यंत पिवळे. माळेपायी तिला हे ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या हाताला लग्नाची हळद लागली होती, तीही अशी. ती हात झटकायला लागली, पदराला पुसायला लागली, आणि जेवढी पुसली तेवढी ती जास्तच पसरली.

"माय, मी जास," ती म्हणाली. "दुसरी हळद कालवा तुम्ही. मी जास."

वत्सलाबाई पुढे आली. तिनं आधी खरी माळ उचलली. दोन बोटांत एक मणी धरला, गालाला लावला, गार लागला तशी क्षणभर डोळे मिटले. नूतनच्या पाटल्या घडवताना सोनाराच्या पेढीवर हीच बसून होती. मग तिनं तो अर्धवट गुंडाळलेला लाल दोरा शोधला, माळेभोवती नीट फिरवला, गाठ मारली आणि माळ रोशनीच्या गळ्यात घातली.

मग ती लेकीकडे वळली. चेहऱ्यावर मायेचं काही नव्हतं, वैतागच होता.

"कोठे जास? बठ खाले. हात भरेलच शेतस तुन्हा, तर लावी दे पोरले."

"माय, पहिला मान तुन्हा शे."

"मालेच सांगस का? लाव म्हनस ना."

म्हातारी काहीतरी पुटपुटली. वत्सलाबाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि नूतनच्या पुढ्यात ठेवली.

रोशनी पाटावर बसली होती. गळ्यात ती दुधी माळ, मधे मधे हळदीच्या पिवळ्या गाठी. तिनं मेंदीचे हात मागे घेतले आणि लहानपणी अंथरुणात शिरताना करायची तसा गाल पुढे केला.

नूतननं हात उचलला. बोटं गालापाशी पोचली आणि थांबली.

"फुई," रोशनी डोळे मिटूनच म्हणाली, "लवकर लाव ना."